मार्सालफॉर्न ते विएद इल-आस्री: गोझो बेटावरील किनारी पदभ्रमणाविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

माल्टाच्या सहलीत गोझोसाठी एक दिवस राखून ठेवलेल्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. कार्यक्रमपत्रिकेत या पदभ्रमणापुढे 'सोपे' असा शेरा आहे. त्या शब्दाचा आमच्या लेखी नेमका अर्थ काय, हे निघण्यापूर्वीच आपल्याला माहीत असावे. वाट जाताना सुमारे ३ किलोमीटर आणि तितकीच परतीची आहे. चढ फारसा नाही, पहिला भाग डांबरी रस्त्याचा व पुढचा कच्च्या गाडीवाटेचा आहे, आणि रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या साठीतल्या माणसाला ती सहज झेपते. मात्र ही वाट बेटाच्या उत्तर किनाऱ्याने जाते, तिच्यावर सावली जवळजवळ नाही आणि समुद्राच्या बाजूला कठडा नाही. त्यामुळे 'सोपे' हा शेरा समुद्र शांत असलेल्या दिवसापुरताच खरा मानावा.

माल्टाच्या मुख्य बेटाच्या वायव्य टोकाला चिर्केव्वा हा धक्का आहे. तेथून गाड्या व माणसे नेणारी मोठी फेरीबोट सुमारे २५ मिनिटांत गोझोच्या म्जार बंदरात पोहोचते. चिर्केव्वाला तिकीट कोणी मागत नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. जाण्यायेण्याचे भाडे परतताना गोझोहूनच घेतले जाते. वाटेत कोमिनो हे छोटे बेट लागते, त्यावरचा चौकोनी बुरूज १६१८ सालचा आहे. राजधानी व्हॅलेटाहून २०२१ पासून पाऊण तासाची जलद बोटही सुरू झाली आहे, पण ती आकाराने लहान असल्याने खवळलेल्या समुद्रात अधिक हलते. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी आम्ही चिर्केव्वाचाच मार्ग ठेवतो.

म्जारहून बसने बेटाच्या मध्यावरील व्हिक्टोरिया शहरात जाऊन तेथे मार्सालफॉर्नची दुसरी बस घेता येते. मार्सालफॉर्न हे मासेमारीचे जुने गाव असून आता तेथे उपाहारगृहांची रांग आहे. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी यांची सोय येथेच उरकून घ्यावी, कारण पुढे तिचा भरवसा नाही. गाव मागे टाकून पश्चिमेकडे वळल्यावर बाय्यारचा लहानसा उपसागर लागतो. फलकावर या नावाच्या आरंभी क्यू हे अक्षर दिसेल. माल्टी भाषेत त्याचा उच्चार घशातच अडतो आणि आपल्या कानाला तो जवळपास ऐकूच येत नाही. त्यापुढची पिवळट-पांढरी टेकडी ओलांडली की श्वेय्नीची मिठागरे सुरू होतात, आणि आमच्या मते हा सारा प्रवास त्यांच्यासाठीच करावा.

भांडुप, वसई किंवा उरणकडची मिठागरे पाहिलेल्यांना येथे पहिला फरक लगेच जाणवेल. आपल्याकडे खाजणात मातीचे बांध घालून मीठ पिकवतात. येथे चिखल नाहीच, सपाट चुनखडकात छिन्नीने चौकोनी वाफे खोदलेले आहेत. हा खडक मऊ आणि मधाच्या रंगाचा असून बेटावरची घरेही त्याच दगडाची आहेत. समुद्राचे पाणी आधी मोठ्या, खोल कुंडांत घेतात, तेथे ते उन्हाने तापून दाट झाले की लहान, उथळ वाफ्यांत सोडतात, आणि काही दिवसांत तळाशी मीठ धरले की ते झाडूने एकत्र करून ढीग लावतात. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो. मध्येच पाऊस आला तर वाफ्यातले पीक विरघळून जाते, ही चिंता मात्र कोकणातल्या आगरासारखीच. काही कुटुंबे हे काम आजही पिढीजात करतात व रस्त्याकडेलाच मिठाच्या पिशव्या विकतात. वाफ्यांत किंवा त्यांच्या पातळ कडांवर पाय ठेवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. छायाचित्र रस्त्यावरूनही उत्तम येते, आणि बुटाला लागलेली धूळ शेवटी कोणाच्या तरी ताटात जाते.

या किनाऱ्याविषयी एका घड्याळजीची गोष्ट सांगितली जाते. त्याने उंच खडकावर मिठागर खोदले, खाली समुद्राची गुहा असल्याचे लक्षात आल्यावर खडकाला भोक पाडले आणि त्यातून पाणी वर ओढू लागला. पुढे वादळात लाटा त्याच भोकातून कारंज्यासारख्या उसळल्या आणि खाऱ्या पाण्याने शेजाऱ्यांची शेते नासली. गोष्टीत भर किती पडली असेल ते असो, पण येथला खडक खालून पोखरलेला असू शकतो हे तीतून बरोबर कळते. कड्याच्या अगदी टोकाशी उभे राहू नये, असे आम्ही सांगतो ते त्यामुळेच. याच बेटाच्या पश्चिमेला ड्वेय्रा येथे असलेली, छायाचित्रांतून जगभर गेलेली दगडी कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली. ती पाहायला मिळेल का, अशी विचारणा आजही होते, म्हणून हे येथेच स्पष्ट केलेले बरे.

मिठागरांनंतर वाट शेताच्या बांधांजवळून जाते. तेथे दगडांवर रंगाने 'आरटीओ' अशी अक्षरे लिहिलेली दिसतील. त्यांचा वाहन परवान्याशी काही संबंध नाही. जागा मालकासाठी राखीव आहे, एवढाच त्यांचा अर्थ आहे. शरद ऋतूत पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा बंदुकीचे आवाज ऐकू आले तर घाबरू नये, पण वाट सोडून आत शिरू नये.

विएद इल-आस्री ही दोन उंच कड्यांमध्ये शिरलेली समुद्राची अरुंद, चिंचोळी खाडी आहे. खडकातल्या पायऱ्यांनी खाली उतरता येते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी वरूनच पाहावे, दृश्य तेथूनही पूर्ण दिसते. पोहण्यास परवानगी द्यायची की नाही, हे आमचा मार्गदर्शक त्या वेळचे पाणी पाहून ठरवतो आणि त्याबाबत आग्रह धरू नये.

एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस आम्हाला सर्वांत योग्य वाटतात. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावरच निघतो. प्रत्येकाने दीड लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट आणावेत; चपला किंवा सँडल घातलेल्यांना आम्ही ओल्या खडकावर नेत नाही. शाकाहारी ग्राहकांनी मार्सालफॉर्नला फ्तीरा हा स्थानिक पाव मागवताना त्यात ट्यूना मासा घालू नये असे आधीच सांगावे.

वायव्येचा वारा, ज्याला तेथे मजिस्त्राल म्हणतात, किंवा ईशान्येचा ग्रेगाल जोरात असेल, तर लाटांचे पाणी थेट मिठागरांवर येते आणि वाट निसरडी होते. अशा दिवशी त्याऐवजी दक्षिण किनाऱ्यावरील म्जार इश-शीनी ही आडोशाची खाडी आणि व्हिक्टोरियाचा किल्ला दाखवला जातो. हा बदल त्याच सकाळी नऊच्या आत कळवला जाईल आणि त्यासाठी वेगळे शुल्क आकारले जाणार नाही.