सगळ्यांचा वाढदिवस 1 जूनलाच कसा काय?

दहावीचा निकाल लागला की आमच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. 2025 ला राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला तेव्हाही आला, "बघा, शंभरातली चौऱ्याण्णव पोरं दहावी होतात". अरे बाबांनो, परीक्षेला बसलेल्या शंभरातली! सातवीत शाळा सोडून नाशिकजवळच्या गिरणारेच्या मजूर नाक्यावर द्राक्षाच्या कामाला उभा राहिलेला पेठ-सुरगाण्याचा पोरगा त्यात मोजलेलाच नाहीये.

तो हजेरीपटात नाही, घरात सापडणार. म्हणून घरोघरी जाऊन विचारायचं, कोण कोण राहतं, वय किती, कितवी पास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे सगळं असतं, 2019-21 च्या फेरीत साधारण 6.36 लाख घरं होती. त्यातून शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचा दर काढायचा आंतरराष्ट्रीय नियम असा, की शेवटच्या इयत्तेचं जे वय, त्याहून 3 ते 5 वर्षांनी मोठी मुलं धरायची. बारावीचं वय 17 तर 20 ते 22 वाली. उशिरा नाव घातलं, नापास झाला, पुरवणी परीक्षेत सुटला, अशांनाही वेळ मिळावा म्हणून.

इथपर्यंत सोपंय. आता माझी आवडती भानगड, म्हणजे वय.

माझ्या आईचा वाढदिवस 1 जून, मामाचा 1 जून, शेजारच्या आप्पांचा पण 1 जून. नाव घालताना जन्मतारीख कुणाला माहीत नव्हती, गुरुजींनी जूनची पहिली टाकली आणि वर्ष पोरगं पहिलीत बसेल असं. (याच तारखेवर पुढे पत्रिका निघते, गुण जुळतात, मंगळ सुद्धा सापडतो! गुरुजींनी बसवलेला मंगळ.) पण तारीख खोटी असली तरी दाखल्यावर एक कायमचं वय तरी मिळालं. जो शाळेत गेलाच नाही तो म्हणतो "असंल पंचवीसेक", आणि फॉर्मवर 25 पडतं. म्हणून 20, 25, 30 वर माणसांचे ढीग आणि 24, 26 ओस. हा ढीग मोजायला व्हिपल निर्देशांक आहे, 23 ते 62 वयातले 0 किंवा 5 ने संपणारे मोजा, पाचने गुणा, त्या वयातल्या एकूण माणसांनी भागा, शंभरपट करा. 100 म्हणजे ढीग नाही, 500 म्हणजे सगळेच गोल वय सांगतायत.

गंमत पुढे आहे. ढिगात येणारे जास्त करून कमी शिकलेले, त्यामुळे वयानुसार बारावी झालेल्यांचा ग्राफ काढला की 20, 25, 30 ला खड्डे पडतात, करवतीच्या दातांसारखे. त्या सालात जन्मलेली पोरं काही मठ्ठ नव्हती! आणि आपला 20 ते 22 चा गट नेमका 20 च्या खड्ड्यावरच सुरू होतो, त्यात खरे 18-19 चे पण येऊन बसलेले.

मग काय करायचं, तर तीच बॅच पुन्हा गाठायची. 2015-16 च्या फेरीत 20 वर्षांचे असलेले पुढच्या फेरीत 24-25 चे असतात. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर मधे काही जण उशिरा पास झाले, किंवा वय सरकलं, किंवा मोठेपणी कुणी शिक्षण वाढवून सांगितलं. कुठलं किती, हे एका फेरीवरून कळत नाही. युनेस्कोकडे यासाठी बेझियन मॉडेल (म्हणजे आधीचा अंदाज नव्या आकड्यांनी सुधारत नेणारं गणित) आहे, ते बॅचचा खरा दर थेट न दिसणारा आकडा धरतं आणि सगळ्या सर्वेक्षणांवरून तो दर, उशिरा पास होणाऱ्यांचा वाटा आणि एकेका सर्वेक्षणाची खोड हे सगळं एकदमच अंदाजतं, उत्तर एक आकडा नाही तर 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा येतो. डोकं गरगरलं असेल तर सोडून द्या, माझं पण दोनदा गरगरलं.

पण त्याआधीची अर्धी लढाई ओट्यावरच लढता येते. वय नुसतं विचारायचं नाही, गावाला आठवणारी साल धरून विचारायचं. आपल्याकडे तर सोपंच, "सिंहस्थाच्या आधीचा का नंतरचा?" आजी लगेच म्हणते, "2003 च्या सिंहस्थात मांडीवर होता की". झालं, 2025 ला हा 22-23 चा, 25 चा नाही.