व्यसनमुक्तीतला सोबत्यांचा आधार (बेळगाव सीमाभाग)

दारू, गांजा, गोळ्या असल्या नशेतून बाहेर पडणारी मोठी माणसं त्याच वाटेनं आधी गेलेल्यांच्या संगतीनं टिकून राहतात, त्याला सोबत्यांचा आधार किंवा पीअर सपोर्ट म्हणतात. इथं डॉक्टर नसतो, फी नसते, रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहायची भानगड नसते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात दारू सोडवायची म्हटलं की घरचे आधी चहात टाकायचं औषध शोधतात, मग देव, मग शिबिर, आणि सोबत्यांच्या मीटिंगचं नाव सगळ्यात शेवटी निघतं. खरंतर शिबिरातनं घरी आल्यावरचे पहिले काही महिनेच सगळ्यात अवघड, आणि मीटिंग कामाला येते ती नेमकी तेव्हाच.

ह्या पद्धतीचं सगळ्यात जुनं नि पसरलेलं रूप म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, लोकांच्या तोंडी नुसतं एए. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघं बेवडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातनं हे सुरू झालं. त्यांच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूतनं सुटायचे टप्पे, १९३९ साली छापून आल्या, भारतात एए १९५७ पासून आहे. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन (१९५१) आणि गर्द-गोळ्यांवाल्यांसाठी नार्कोटिक्स अनॉनिमस (१९५३) ही त्याचीच भावंडं.

मीटिंग म्हणजे शाळेचा नाहीतर चर्चचा एखादा मोकळा वर्ग, गोल लावलेल्या खुर्च्या, चहा. एकेकजण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक" म्हणतो आणि आपलं सांगतो. कुणी मधे बोलत नाही, सल्ला देत नाही, आणि हीच गोष्ट नवीन माणसाला पहिल्यांदा विचित्र वाटते, कारण तोवर त्याला आईपासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी फक्त सल्लाच दिलेला असतो. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल त्यानं दहा-वीस रुपये टाकायचे, बाहेरची देणगी घ्यायची नाही असा नियमच आहे. शब्द द्यायचा तो फक्त आजच्या दिवसाचा, जन्मभराची शपथ कुणी मागत नाही.

मीटिंगच्या बाहेरचं काम स्पॉन्सर करतो, म्हणजे जुना, बरेच दिवस न प्यायलेला सोबती. रात्री साडेनऊला फोन येतो, "भाऊ, वाईन शॉपसमोरच उभा आहे बघा." तिकडनं भाषण येत नाही, एवढंच येतं, "जेवलास काय? थांब तिथंच, गाडी काढतो." जेवलास काय हे उगीच विचारलेलं नसतं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ह्या चार वेळांना तलफ जोर करते हे जुन्यांना पाठ असतं.

सीमाभागाचं आपलं वेगळं आहेच. कर्नाटकात २००७ साली सारायी (स्वस्त देशी दारू) बंद झाली, पण स्वस्त व्हिस्कीची नाइंटी कुठंही मिळते, खानापूरकडनं घाट उतरला की गोव्याचा त्याहून स्वस्त माल, आणि महाराष्ट्राच्या बाजूला बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली तरी पिणारा हद्द ओलांडून येतोच. त्यात गावची लक्ष्मी यात्रा. कित्येक वर्षांनी येणारी, घरोघरी पाहुणे, मटण, आणि "आजच्या दिवस घे की रे" म्हणणारा मेहुणा. बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक नि गणपती विसर्जनाची रात्र तसलीच. शहाणे ग्रुप अशा दिवसांत जास्तीच्या मीटिंगा लावतात.

आपल्याकडं ह्याचं देशी रूपही आहे, फक्त त्याला कुणी पीअर सपोर्ट म्हणत नाही. माळ घातलेला वारकरी पीत नाही, हरिपाठाला रोज चार माणसं त्याला बघतात, आणि वारीत त्याच्यासारखेच सुटलेले भेटतात. त्याची अडचण अशी की माळ उतरली की माणूस लाजेनं भजनाला यायचाच बंद होतो, उलट एएमध्ये स्लिप झालेल्याला, म्हणजे सोडून परत प्यायलेल्याला, पुढच्या मीटिंगला मुद्दाम बोलावतात. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हाच. कर्नाटकभर धर्मस्थळच्या ग्रामाभिवृद्धी योजनेची आठ दिवसांची मद्यवर्जन शिबिरं होतात, त्यातनं बाहेर पडलेल्यांच्या नवजीवन समित्या पुढं एकमेकांना धरून ठेवतात. त्यांचा कारभार बहुतेक कन्नडमध्ये, पण लाज मोडून बोलायचं म्हटलं की माणूस घरच्याच बोलीवर येतो, म्हणून मराठी नि कन्नड दोन्ही चालणारा ग्रुप इथं जास्त टिकतो. छोट्या गावात नाव गुपित ठेवणं हे मात्र बोलायलाच सोपं, सायकल कुठं लावली त्यावरनं कळतं. म्हणून निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो नि खानापूरचा बेळगावला.

फायदा होतो का? कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास, साधारण साडेदहा हजार माणसं होती. एएला नीट जोडून देणाऱ्या उपचारानं सलग न पिणाऱ्यांचं प्रमाण इतर उपचारांपेक्षा जास्त दिसलं, बाकी बऱ्याच बाबतीत बरोबरी. आपल्याकडं मुळात मदतीपर्यंत पोचतंय कोण: २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता.

एक गोष्ट मात्र मीटिंगवर सोडायची नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, ताप, बडबड सुरू होऊ शकते आणि त्यात जीवही जातो. "उतरेल दोन दिवसात" म्हणत खोलीत कोंडून ठेवणं धोक्याचं, आधी जिल्हा हॉस्पिटल, मग खुर्च्यांचा गोल. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मनाच्या गोळ्या "ही पण नशाच" म्हणून बंद करायला लावणारा एखादा जुना सोबतीही भेटतो, त्याचं ह्या बाबतीत ऐकू नये.

पिणाऱ्या बायका इथल्या मीटिंगांना फार कमी दिसतात. पुरुषांच्या गोलात बसून सांगायचं काय, आणि सासरी कळलं तर? त्यांच्यासाठी ऑनलाइन मीटिंगा बऱ्या पडतात. कुठनं सुरुवात करायची तेच कळत नसेल तर नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मनाच्या आरोग्याची हेल्पलाइन टेली मानस १४४१६, दोन्ही फुकट.