स्टॉक कार रेसिंगचे जुने फोटो: काढले कोणी, सांभाळले कोणी, आणि आता कोणाचे

स्टॉक कार रेसिंग म्हणजे रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती, आणि अमेरिकेत त्या भरवणारी मोठी संस्था म्हणजे नॅसकार. नॉर्थ कॅरोलायनातला नॉर्थ विल्क्सबोरोचा ट्रॅक 1996 ला नॅसकारच्या टॉप सिरीजमधून गेला आणि 2023 च्या मे महिन्यात तिथे परत मोठ्या गाड्या पळाल्या. डागडुजी करताना जुन्या सिगरेट स्पॉन्सरच्या विटलेल्या पाट्या मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या आणि टीव्हीवर त्याचं कौतुकही भरपूर झालं. पण त्याच्या आधी, 2019 च्या डिसेंबरमध्ये एक रिटायर्ड ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरची मंडळी तिथे जाऊन डांबरातून उगवलेलं गवत काढत होती, कशासाठी तर एका ऑनलाइन रेसिंग गेमसाठी ट्रॅकचं लेझर स्कॅन करता यावं म्हणून. ट्रॅक पुढे राहील याची तेव्हा कोणालाच खात्री नव्हती, निदान कॉम्प्युटरमध्ये तरी राहू दे असा हिशोब होता. या खेळात हे नेहमीच असं झालंय, जपायचं काम आधी बाहेरची माणसं करतात आणि संस्था मागून येते.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार लांबण लावत नाही. 1949 च्या जूनमध्ये शार्लटला नॅसकारच्या या नव्या सिरीजची पहिली रेस झाली आणि पहिली आलेली गाडीच मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार केले म्हणून बाद झाली, म्हणजे निकालाचं भांडण अगदी पहिल्या दिवसापासून आहे. तेव्हाचे फोटोग्राफर मोठे प्रेस कॅमेरे घेऊन फिरायचे, एका क्लिकला एक शीट फिल्म, त्यामुळे उगाच दाबत सुटणं परवडायचं नाही. बऱ्याच जणांचं पोट आठ बाय दहा इंचांच्या प्रिंट विकण्यावर, गिऱ्हाईक म्हणजे ड्रायव्हर आणि फॅन. इतिहास वगैरे जपतोय असं त्यांच्या मनातही नसणार, पण त्या विकलेल्या प्रिंट लोकांच्या घरी राहिल्या म्हणून आज काहीतरी बघायला मिळतं.

आता 1959. फोटोची किंमत या खेळाला खरी कळली ती तेव्हा, म्हणून इथे जरा थांबतो. 22 फेब्रुवारी, रविवार, फ्लोरिडातल्या डेटोनाच्या नव्या कोऱ्या अडीच मैलांच्या ट्रॅकवरची पहिली 500 मैलांची रेस. शेवटच्या लॅपला (लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी) 42 नंबरची ओल्ड्समोबाइल आणि 73 नंबरची थंडरबर्ड एकमेकींना खेटून शेवटच्या रेषेवर आल्या आणि त्यात भर म्हणजे 48 नंबरची शेवरोले, जी एका अख्ख्या लॅपने मागे होती आणि जिचा निकालाशी काही संबंध नव्हता, तीही बरोब्बर त्यांच्या शेजारी. तिन्ही गाड्या एका ओळीत. रेषेजवळच्या अधिकाऱ्यांनी 73 जिंकली म्हणून सांगितलं, तो ड्रायव्हर व्हिक्टरी लेनमध्ये, म्हणजे जिंकणाऱ्याच्या सत्काराच्या जागी, गेला, सगळं रीतसर झालं. पण तिथेच उभे असलेले कित्येक पत्रकार म्हणत होते की अहो 42 पुढे होती, आणि 42 वाला तर ऐकायलाच तयार नव्हता.

मग निकाल अनऑफिशियल ठरवून सगळ्यांकडून फोटो आणि फिल्म मागवली. क्रिकेटमध्ये थर्ड अंपायर यायला अजून तीसेक वर्षं होती, आणि इथे तर ज्याच्याकडे रीळ आहे तोच थर्ड अंपायर! बुधवारी, म्हणजे 61 तासांनी, न्यूजरीलची (थिएटरात दाखवायच्या बातमीपटाची) फिल्म बघून निकाल फिरवला, 42 जिंकली, फरक साधारण दोन फुटांचा.

आयोवातले लोक (73 चा ड्रायव्हर तिकडचा) हे अजून मानत नाहीत, आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. कॅमेरा नेमका रेषेच्या सरळीत नसेल, थोडा जरी अलीकडे-पलीकडे असेल, तर जवळची गाडी आणि लांबची गाडी यांच्यातलं अंतर फोटोत सरकतं. शिवाय गाड्या इतक्या वेगात असताना तो क्षण रेषेच्या किती आधीचा किंवा नंतरचा हे एका फोटोवरून सांगणं अवघड. दुसरी कुजबुज अशी की तीन दिवस मुद्दाम लावले, तेवढे दिवस नव्या ट्रॅकचं नाव पेपरात राहिलं. याला पुरावा नाही, पण फुकटची जाहिरात झाली हे खरंच. माझं मत विचाराल तर 42 च पुढे होती, कारण वेगवेगळ्या जागांवरून काढलेले फोटो एकच गोष्ट सांगतात, आणि एका फोटोचा कोन चुकेल, सगळ्यांचा कसा चुकेल.

याच्या उलट बाजू 1963 ची. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर 34 नंबरची शेवरोले जिंकली, ड्रायव्हर कृष्णवर्णीय, आणि चेकर्ड फ्लॅग (जिंकणाऱ्याला दाखवायचा काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा) दाखवला दुसऱ्यालाच. त्या काळी लॅप हाताने मोजायचे, प्रत्येक गाडीमागे एक माणूस कार्डावर वेळ टिपत बसायचा, त्यामुळे स्कोअरिंगची चूक झाली असं सांगता आलं. गर्दी पांगल्यावर निकाल दुरुस्त झाला, ट्रॉफी तोवर निघून गेलेली. समारंभच झाला नाही तर त्याचा फोटो कुठून असणार? डेटोनाला चूक सुधारताना अख्ख्या देशातून रिळं मागवली होती आणि इथे चूक सुधारली ती प्रेक्षक घरी गेल्यावर, हा फरक मला तरी साधा वाटत नाही. नॅसकारने त्या ड्रायव्हरच्या घरच्यांना अधिकृत ट्रॉफी दिली 2021 मध्ये, ड्रायव्हर 1990 मध्येच गेलेला.

साठच्या दशकात साध्या फॅनकडे कॅमेरे आले, मग चित्र बदललं. ट्रॅकच्या आतल्या मैदानात गाडीच्या टपावर बसून काढलेल्या रंगीत स्लाइड, आठ एमएमची मुकी फिल्म. प्रोफेशनल लोक पुढच्या चार-पाच गाड्या टिपायचे पण फॅन आपल्या गावचा तिसाव्या नंबरचा ड्रायव्हरही टिपायचा. गाड्या तर उरल्याच नाहीत, सीझन संपला की तोच सांगाडा नवीन पत्रा ठोकून पुढे विकला जायचा. म्हणून आज कोणी जुनी गाडी रिस्टोर करतं, किंवा 1/25 मापाचं छोटं मॉडेल बनवतं, तेव्हा पुढच्या फेंडरवरचे स्टिकर कुठल्या क्रमाने होते हे बघायला अशीच एखादी स्लाइड लागते, आणि तेच स्टिकर वर्षागणिक बदलत असल्यामुळे फोटो कुठल्या सालचा हेही त्यावरून ओळखतात. डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर 2015 पासून जुन्या रंगातल्या गाड्या उतरवायची पद्धत पडली, त्यालाही आधार जुने फोटोच.

1979 ला डेटोनाची 500 पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाइव्ह दाखवली, तिथून पुढचं बरंचसं टेपवर आहे. खरी पंचाईत त्याआधीच्या काळाची. बंद पडलेले ट्रॅक जंगलात गेले. हिल्सबरोचा मातीचा ट्रॅक, शेवटची मोठी रेस 1968 ची, आता चालायची वाट आहे, झाडं मधोमध उगवलीत, 2002 पासून ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि तिथलं साफसफाईचं बरंचसं काम हौशी लोकच करतात.

फोटोंचं मात्र दुसरीकडेच चाललंय. जुन्या फोटोग्राफरांचे बरेच संग्रह मोठ्या आर्काइव्हमध्ये गेले आणि तिथून ते लायसन्सचे पैसे भरून मिळतात. सांभाळायला खर्च येतो हे मान्य, पण त्यातले कित्येक चेहरे ओळखून दिले ते फॅन लोकांनी फुकट, आणि नंतर त्याच फोटोवर वॉटरमार्क. घरच्या स्लाइडचं प्रकरण अजून किचकट आहे, न छापलेल्या फोटोचा कॉपीराइट अमेरिकेत काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं असतो, म्हणजे आजोबांचा खोका कबाडी बाजारातून विकत घेतला तरी छापायचा हक्क काही मिळत नाही.

आणि फिल्म कोणाची वाट बघत नाही. कोडाक्रोम ही रंगीत स्लाइडची फिल्म अंधारात छान टिकते, प्रोजेक्टरवर सारखी लावली की तिचा रंग उडतो, त्या काळच्या एक्टाक्रोम या दुसऱ्या रंगीत फिल्मच्या स्लाइड बऱ्याचशा लालसर झाल्यात, आणि ॲसिटेट या प्लॅस्टिकवरच्या निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास यायला लागला की समजायचं कुजायला सुरुवात झाली. तसे डबे आधी स्कॅन करायचे आणि चांगल्या निगेटिव्हपासून लांब ठेवायचे, कारण ती वाफ शेजारच्यांनाही लागते.