परिसरभेटीतून लेखन

परिसरभेटीतून लेखन म्हणजे लहान पोरांना, साधारण बालवाडी ते तिसरीपर्यंतच्या, वर्गाबाहेर न्यायचं आणि तिथं जे बघितलं, हुंगलं, हाताळलं त्यावर आधी बोलायला आणि मग लिहायला लावायचं. शाळेच्या कागदावर हिला क्षेत्रभेट म्हणतात, पालक सरळ सहल म्हणतात. पण सहल वेगळी, तिच्यात बस असते, डबा असतो, अंताक्षरी असते आणि दुसऱ्या दिवशी चाळीस वह्यांत एकच ओळ येते, 'आम्हाला खूप मजा आली'. ती ओळ येऊ नये म्हणूनच हा सगळा खटाटोप.

कल्पना जुनीच आहे. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने (१८९६-१९६६) १९२० च्या दशकात पोरांना गावात फिरवून आणायचे, परत आल्यावर पोरं सांगतील ते फळ्यावर लिहायचे आणि पुढं तर वर्गातच छोटं छापयंत्र आणून पोरांचा मजकूर छापायला लागले. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं चारायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवल्या, म्हणजे शाळाच पोरांच्या मागं रानात गेली.

कोल्हापुरात यासाठी लांब जायलाच लागत नाही. रंकाळा आहे, पंचगंगेचा घाट आहे, गणपतीच्या आधी शाहूपुरीतली कुंभार गल्ली आहे. पण माझ्या मते सगळ्यात भारी जागा म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करतात ते गुऱ्हाळ. दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू झाला की करवीर, पन्हाळा भागात चुलवाणं, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुली, पेटतात. काईल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उकळत असते म्हणून पोरं दोरीच्या मागंच उभी करायची, यात हयगय नको. रसात भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती काढताना एक पोरगी म्हणाली, 'बाई, म्हशीच्या तोंडाला येतो तसला फेस आलाय', आणि बाईंनी ते वाक्य तिथंच चिठ्ठीवर उतरून घेतलं. मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतो, तेव्हा सगळी पोरं गप्प. गूळ निववायच्या वाफ्यात गूळ ओतला, हातावर जरा गरम काकवी मिळाली की परत दंगा सुरू.

खरं काम शाळेत आल्यावर. बालवाडीतली पोरं चित्र काढतात आणि तोंडानं सांगतात, ताई खाली तीच ओळ लिहिते, त्यातनं बोललेलं लिहिता येतं हे पोराला कळतं. पहिलीत काईल, चिपाड, ढेप असे शब्द फळ्यावर जातात, बघितलेला शब्द असल्यामुळं तो गिरवायला कंटाळा येत नाही. दुसरी-तिसरीतली स्वतः लिहितात, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी त्या दिवशी लाल पेन काढायचं नाही.

वाद होतो तो बोलीवरनं. पोरगं लिहितं, 'लई ग्वाड वास आलता'. काही बाई ते खोडून 'खूप गोड वास आला होता' करतात आणि पालकांनाही तेच हवं असतं. मला वाटतं पहिल्या खर्ड्यात राहू द्यावं, प्रमाण भाषेतली ओळ दुसऱ्या दिवशी शेजारी लिहून दाखवावी, दोन्ही पोराला येतात की. अडचणी काय, नेहमीच्याच, चाळीस पोरं आणि एक बाई, पालकांचं संमतीपत्र, ऊन, पाण्याच्या बाटल्या. त्यामुळं दोन-तीन पालक बरोबर घेतलेले बरे.

पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद आणि घाटावर पोरं न्यायचा प्रश्नच नाही. मग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज फळ्यावर लिहायची. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे पहिलीतली पोरंसुद्धा घरनं ऐकून आलेली असतात, त्यामुळं काल किती होतं, आज किती झालं, मामाच्या गावाचा रस्ता बंद झाला का, अशा दोन ओळी रोज न सांगता लिहून होतात.