मर्सेनच्या यादीतला ६७

२ चा ६७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही पूर्ण भाग जात नाही, असं फ्रान्समधले मठवासी मारँ मर्सेन यांनी १६४४ साली बेधडक लिहून टाकलं.

अशा संख्यांचं वेड त्याहून फार जुनं. २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या आली, तर तिच्यापासून ६, २८, ४९६ यांसारखी परिपूर्ण संख्या (स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेइतकी, जसं ६ = १ + २ + ३) तयार करता येते, हे युक्लिडला ठाऊक होतं. त्यासाठी घातांक मूळ हवाच. पण तेवढ्यानं भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २०४७ = २३ × ८९. मर्सेन यांनी २५७ पर्यंतचे चालणारे ११ घातांक दिले. एवढ्या मोठ्या संख्या तपासायची सोय तेव्हा नव्हतीच, त्यामुळे यादीचं शेपूट म्हणजे निव्वळ अंदाज. ३१ खरा ठरायलाही १७७२ उजाडलं, तेही ऑयलरमुळे. पुढे ६१, ८९ आणि १०७ यादीतून सुटल्याचं, तर ६७ आणि २५७ चुकून घुसल्याचं कळलं.

६७ चा निकाल एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये लावला, आणि तोही एकही अवयव न शोधता! त्यांची कसोटी लेमर यांनी १९३० मध्ये सुटसुटीत केली. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवायची. घातांक ७ असेल तर संख्या १२७, आणि बाक्या येतात ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाचव्या फेरीला शून्य आलं, म्हणजे १२७ मूळ. घातांक ६७ असेल तर ६५ फेऱ्या होतात, पण शेवटी शून्य येत नाही. संख्या फुटते हे पक्कं. कशी फुटते, याबद्दल कसोटी गप्प.

ते कळायला आणखी २७ वर्षं गेली. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. ते फळ्याशी गेले, अवाक्षर न काढता गुणाकार करून जागेवर बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, ही गोष्ट एरिक टेंपल बेल यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितली. बेल गोष्टी रंगवून सांगत, तेव्हा ती जरा जपूनच घ्यावी. मला त्यामागचं गणित जास्त आवडतं. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ ने भागला तर बाकी १ च उरायला हवी. म्हणजे बहुतेक उमेदवार आधीच बाद. तरी लहान अवयवापर्यंत पोचायला १३४ ची १४,४५,५८० वी पट गाठावी लागते. कोल यांनी वर्गशेषांच्या, म्हणजे वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या आधारे ही चाळणी आणखी बारीक केली.

हे काम आज संगणक क्षणात उरकतो. पण २ चा १२७७ वा घात वजा १, ही ३८५ अंकी संख्या घ्या. ती संयुक्त आहे हे सिद्ध झालंय, आणि अवयव मात्र अजून एकही हाती लागलेला नाही.