दोन पुड्या वेगळ्या घेतल्या तरी बंदी आहेच

‘बंदी फक्त गुटख्यावर आहे, पानमसाला वेगळा, सुगंधी तंबाखू वेगळी घेतली तर चालतं,’ हे टपरीवर वर्षानुवर्षं ऐकू येतं. गिऱ्हाईक दोन्ही पुड्या दातांनी फाडतं, एकीतला ऐवज दुसरीत ओततं, हलवतं आणि तोंडात टाकतं. झाला गुटखाच! पोरंही हेच बघून शिकतात, याचं फार वाईट वाटतं.

महाराष्ट्रात 2012 साली गुटख्याबरोबर पानमसाल्यावरही बंदी आली; पुढच्याच वर्षी सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही तीत आली. म्हणजे यातली प्रत्येक पुडी विकणं हाच गुन्हा. अन्न सुरक्षा कायद्याखालचा असा आदेश जास्तीत जास्त वर्षभराचाच असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. त्यावरूनच ‘बंदी उठली’ अशी आवई उठते.