सिकलसेल : शिबिरात ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे आजारी नव्हे

‘पोराची सिकलसेल टेस्ट पॉझिटिव्ह निघाली, आता लग्न कसलं?’ नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुवा-तळोद्याच्या पाड्यांवर हा समज फार जुना आहे. ठरलेली सोयरीक मोडायला तो पुरेसा ठरतो, म्हणून स्पष्ट लिहिते. सिकलसेल हा आईबापांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार.

तपासणी शिबिरात आधी होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. रक्तात सिकल, म्हणजे या आजारातलं सदोष, हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढंच ती सांगते. ते किती आहे, हे तिला कळत नाही. त्यामुळे आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला वाहक आणि दोघांकडूनही आलेला रुग्ण, दोघंही तिच्यात पॉझिटिव्हच दिसतात. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत. आता बोटातल्या थेंबभर रक्तावर तिथल्या तिथे वाहक-रुग्ण वेगळे दाखवणारे किटही आलेत. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ते वापरले जातात.

वाहक सहसा सगळ्यांसारखाच राबतो, जगतो. त्याच्यामुळे शेजारी कुणाला काही लागत नाही; हा संसर्ग नव्हेच. लग्नाआधी बघायचं ते दोघांचेही रिपोर्ट. एकच वाहक असेल, दुसऱ्याचं हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब कृपया कुणी करू नये.

आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तर निर्धास्त होऊ नका. त्या वयात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, दोष झाकला जातो. एचपीएलसी मागून घ्या.